रडक्या तोंडावरची फुली

३ मार्च

टिटवे,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, वेगळे लिहीत बसत नाही.

काल फोनवर तू चार वेळा ‘बरी आहे’ म्हणालीस. मी एकदाच विचारलं होतं. एका प्रश्नाला चार उत्तरं देणारा माणूस एक तर विमा विकत असतो, नाही तर काहीतरी लपवत असतो. विमा विकायला तुला जमणार नाही, तुला कुणाला घाबरवता येत नाही. तेव्हा आता फोन बंद. पत्र लिही. कागदावर तुला थापा मारता येत नाहीत, लहानपणापासून बघतेय. थाप आली की तुझ्या ओळी डोंगर चढायला लागतात. मी चौथीपर्यंत शिकले, पण तेवढं मला कळतं. आणि माझ्या चुका लाल शाईने दुरुस्त करून पत्र परत पाठवू नकोस. मागच्या वेळी पाठवलं होतंस, त्या कागदाने मी खिडकीची फट बुजवली.

माझं ठीक आहे. बादली पायावर पडून बोट जरासं खरचटलं, एवढंच. त्यासाठी आरोग्य केंद्रातून एक नर्स येते. तिला मी पट्टीवाली म्हणते. मंगळवारी आणि शुक्रवारी दहाला येते म्हणून सांगते आणि दहा चाळीसला उगवते. तुम्ही सगळ्या नर्सा एकाच साच्यातून काढलेल्या दिसता. आल्या आल्या विचारते, ‘काय म्हणतोय पाय?’ मी म्हटलं, पाय बोलायला लागला की कळवीन, तोवर माझ्याशीच बोल. तर हसली. यात हसण्यासारखं काय होतं ते तिलाच ठाऊक. तिच्या चपला जिन्यात अशा फटाफट वाजतात की खालची शिंपीण मशीन थांबवून बघते, कोण कुणाला मारतंय म्हणून.

तुमचे साहेब तुम्हाला खूश ठेवणार आहेत असं तू मागे म्हणालीस. साहेब लोक खूश ठेवायला निघाले म्हणजे नक्की काहीतरी बिनसलेलं असतं. काय ते लिही.

आजी


९ मार्च

आजी,

पट्टी धरून लिहितेय, म्हणजे ओळी तरी सरळ येतील.

आमच्या केंद्राचं मनोबल खालावलंय असं वरच्या ऑफिसला कळलं. कसं कळलं देव जाणे, आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. आधी आम्ही अकरा जणी होतो. चौघी सोडून गेल्या, त्यांच्या जागा भरायच्या राहिल्या. आता अकरा जणींच्या घरभेटी सात जणी करतो. यावर उपाय म्हणून वरून चहाचे सात मग आले. मगावर लिहिलंय, ‘तुम्ही आहात म्हणून आम्ही आहोत.’ एकाचा कान वाटेतच तुटला होता, तो माझ्या वाट्याला आला.

मग आनंद कोपरा झाला. मागच्या खोलीत आमची एक खाट होती, फेरीवरून आलं की पाच मिनिटं पाठ टेकायला. ती काढली. तिथे दोन खुर्च्या, प्लास्टिकचं झाड आणि धबधब्याचं चित्र लावलं. तिथे बसायचं असेल तर वहीत नाव, वेळ आणि कारण लिहायचं. शेवटचा रकाना आहे, ‘आनंद झाला का? हो / नाही.’

मग एक गृहस्थ श्वास शिकवायला आले. डोळे मिटा म्हणाले. दोघी बसल्या जागी घोरायला लागल्या. ते साहेबांना म्हणाले, बघा, कशा शांत झाल्या. साहेबांना आम्ही दंतमंजन म्हणतो, ते कायम हसतात म्हणून. कुणाची बदली सांगतानाही तसेच.

आणि आता फळा. रोज सकाळी आल्यावर आपल्या नावापुढे एक तोंड चिकटवायचं. हसरं, आडवं किंवा रडकं. रडकं लावलं की ड्युटी संपल्यावर तासभर दंतमंजनांबरोबर ‘आधार बैठक’. त्यात ते स्वतःच्या उमेदीच्या दिवसांबद्दल बोलतात. एकजण एकदा जाऊन आली. तेव्हापासून साती जणी रोज हसतो. हसऱ्या तोंडांचं पाकीट दुसऱ्या आठवड्यात संपलं, नवं मागवावं लागलं. रडक्यांचं पाकीट जवळजवळ भरलेलंच आहे. अहवालात लिहिलंय, मनोबल शंभर टक्के.

आता खरं सांगते. मला जमत नाहीये, आजी. तिसऱ्या गल्लीत चौथ्या मजल्यावर एक म्हातारी आहे, शाळेत शिकवायची, आता एकटी असते. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, जखम भरत नाही. आम्ही तिला करवत म्हणतो. मी धापा टाकत वर चढते, पट्टी करते, आणि तिच्या घरातून दर वेळी माझ्याबद्दल वाईट शेरा जातो. एकदाही चुकला नाही. दंतमंजनांनी खुलासा मागितला. हसत म्हणाले, ‘तुमच्या एकटीमुळे आपल्या सगळ्यांचा आनंद खाली येतोय.’

मी राजीनामा लिहिलाय. पिशवीत आहे. एकतीस तारखेला देणार आणि तुझ्याकडे येणार. इथे कुणाला सांगितलेलं नाही.

आणि खरचटलेल्या बोटासाठी आठवड्यातून दोनदा घरी नर्स येत नाही. मी हेच काम करते. पायाला काय झालंय?

टिटवी


१४ मार्च

टिटवे,

पायाला पाय झालाय. तू आधी तुझं बघ.

ती करवत कोण आहे? पत्ता पाठव, मी येऊन बोलते तिच्याशी. काही म्हाताऱ्या असतातच अशा. घरात ऐकायला कुणी उरलं नाही की दारात येईल त्याला धुवायचं. आता मीही म्हातारी आहे, पण मी कधी कुणाला त्रास दिला? पट्टीवालीला मी बोलते, पण ते तिच्या भल्यासाठी. परवा तिला म्हटलं, तुझे केस बघून कावळ्यालाही घर बांधावंसं वाटेल. त्याआधी चपला बाहेर काढायला लावल्या, मग आत घ्यायला लावल्या, कारण बाहेर कुत्रं होतं. उशीर झाला म्हणून घड्याळ तिच्यासमोर धरलं. ह्याला त्रास म्हणत नाहीत, वळण लावणं म्हणतात. तुझी ती करवत मात्र दुष्ट दिसते. शिकलेली आहे ना, मग बरोबर आहे. शिकून माणूस दुष्टपणा नीट मांडायला शिकतो.

तुमच्याकडे तोंडं चिकटवतात, इकडे छापून येतात. पट्टी झाली की पट्टीवाली मला एक कार्ड देते. वर मुंगीएवढ्या अक्षरात काहीतरी, खाली तीन तोंडं. जे असेल त्याच्यावर फुली करा म्हणते आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहते. लाजते की काय कोण जाणे. मी खरं काय ते सांगते. पाय ठणकत असतो, मी रडक्यावर फुली करते. एकदा जरा कमी ठणकत होता, तेव्हा आडव्यावर केली. हसऱ्यावर कशाला करू, पायाचं काय लग्न ठरलंय? मग घडी घालून तिच्या कुलूपवाल्या पेटीत टाकते. सरकारला माझ्या पायाची एवढी काळजी आहे हे बघून मला तरी बरं वाटलं. मधे एक चौकशीवाली सुद्धा येऊन गेली. मला म्हणते, ‘समाधान नाही का?’ म्हटलं, कसलं समाधान, रात्रंदिवस नुसती आग आहे. तिने दोन पानं भरून लिहून घेतलं. भली बाई.

राजीनाम्याचं काय ते तू ठरव. यायचं तर ये. एक खोली आहे, एक खिडकी आहे आणि दिवसभर मी आहे. आनंद कोपरा नाही, आधीच सांगते. वहीत सही न करता माझं ऐकावं लागेल.

पाय ठीक आहे. बोटाचा रंग थोडा बदललाय, उन्हाने असेल.

आजी


१९ मार्च

आजी,

घरात बसलेल्या माणसाच्या पायाच्या बोटाला ऊन लागत नाही. बोट काळं पडलंय का? वास येतो का? साखर शेवटची कधी तपासलीस? आणि पट्टीवाली तुला दवाखान्यात चला म्हणाली नाही, असं मला लिहू नकोस. ती म्हणाली असणार आणि तू तिच्या केसांबद्दल बोलली असणार.

आता नीट बस. चष्मा लाव. नसेल सापडत तर डब्यांच्या मागे बघ, तिथेच असतो.

ते कार्ड पायासाठी नाही.

आमच्याकडेही तेच कार्ड आहे. त्या मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलंय, ‘आजच्या सेवेबद्दल तुम्हाला काय वाटतं?’ म्हणजे पट्टीवालीने काम कसं केलं. हसरं म्हणजे छान केलं, रडकं म्हणजे वाईट केलं. ती लाजत नव्हती, आजी. तुम्ही फुली कुठे करता ते आम्ही बघायचं नाही असा नियम आहे. सगळं अगदी गुप्त असतं, फक्त कार्डावर घराचा नंबर छापलेला असतो. महिन्याच्या वीस तारखेला पेटी उघडून मोजतात. पहिल्यांदा कमी भरलं तर ताकीद. दुसऱ्यांदा खुलासा, माझा झाला तो. तिसऱ्यांदा घरभेटी बंद, रेकॉर्डच्या खोलीत जुन्या फायलींना नंबर घालायचे.

ती तुझ्याकडे कधीपासून येतेय? किती वेळा आली? आठवून बघ.

तुझं पत्र मी फळ्यासमोर उभी राहून वाचलं. ‘पायाचं काय लग्न ठरलंय’ वाचून मोठ्याने हसले. गेल्या महिनाभरात हसले ती पहिलीच वेळ. दंतमंजन केबिनमधून बघत होते, त्यांनी अंगठा वर केला.

आता म्हणशील की करवतही तुझ्यासारखीच चुकत असेल. तिचं तसं नाही. ती रोजचा पेपर पेन घेऊन वाचते, चुकलेल्या शब्दांखाली रेघा मारते. तिला प्रश्न नीट कळलेला आहे. तिची फुली माझ्यावरच आहे.

बारा दिवस राहिले. पिशवी जड वाटते, खरं तर एकच कागद आहे.

टिटवी


२३ मार्च

टिटवे,

चष्मा डब्यांच्या मागेच होता. शहाणी आहेस.

खिडकीच्या फटीत तुझ्या लाल शाईच्या कागदाबरोबर एक चुकून राहिलेलं कोरं कार्ड सापडलं. वाचलं. अर्धा तास लागला. ज्याने ते छापलं त्याला एकदा चौथी पास म्हातारीच्या डोळ्यांनी वाचायला लावलं पाहिजे. तोंडं एवढी मोठी, हंड्याएवढी, आणि प्रश्न मुंगीएवढा. मग माणूस तोंडच बघणार.

जानेवारीच्या मध्यापासून येतेय. एकोणीस वेळा आली. अठरा रडकी, एक आडवं.

आज शुक्रवार. दहा वाजून गेले, दहा चाळीस झाले, जिन्यात चपला वाजल्या नाहीत. अकरा वाजता दुसरीच कोणी आली. हातमोजे, तोंडावर मास्क, बोलणं नाही. माझा पाय असा बांधला की वरून पत्ता लिहून पोस्टात टाकावा. मी विचारलं, ती कुठे गेली? म्हणाली, ‘तिला रेकॉर्डला बसवलंय.’ का? ‘मार्क कमी पडले.’ मग माझ्यापुढे कार्ड धरलं आणि खिडकीकडे वळली. मी म्हटलं, घेऊन जा ते, नाही तर चुलीत घालीन. चूल नाही माझ्याकडे, पण तिला कुठे ठाऊक.

तू वास विचारलास. येतो. पहिल्या दिवसापासून येतो. शिंपीण आता दारातूनच बोलते. मीसुद्धा पट्टी सुटली की दुसरीकडे बघते. पट्टीवालीने एकोणीस वेळा तो पाय स्वतःच्या मांडीवर घेतला, कोमट पाण्याने धुतला, वाकून बघितला. नाक एकदाही मुरडलं नाही. दवाखान्यात चला, असंही तिने एकोणीस वेळा सांगितलं. आणि मी तिच्या चपलांवर बोलत होते. हे मी तुला कबुलीजबाब म्हणून लिहीत नाहीये, उगाच डोळे पुसू नकोस. जे झालं ते सांगतेय.

तिने एकदा जरी विचारलं असतं की आजी, माझं काय चुकतं, तर मी म्हटलं असतं, तुझं? अगं, तुझ्याबद्दल कोण विचारतंय इथे! पण तिने विचारलं नाही. नियम आहे ना, बघायचं नाही, विचारायचं नाही, खिडकीकडे तोंड करायचं. आणि मी सांगितलं नाही. दोघी दोन महिने एका खोलीत, एक पाय मधे ठेवून.

मी त्यांच्या ऑफिसात जाणार आहे. शिंपीण म्हणते, त्या पायाने? म्हटलं, दुसरा उसना देतेस का?

तुझ्या करवतीला प्रश्न कळतो हे मान्य. पण तू तिला विचारलंस का? नोकरी सोडायचीच तर सोड, पण कुणामुळे सोडतेस ते तरी नक्की करून घे. विचारायला काही अर्ज लागत नाही.

आजी


२७ मार्च

आजी,

विचारलं.

पट्टी झाली, कार्ड दिलं, आणि खिडकीकडे वळायच्या ऐवजी मी तिच्यासमोर स्टुलावर बसले. म्हटलं, बाई, तुम्ही दर वेळी रडक्यावर फुली करता. माझं काय चुकतं ते सांगा. मी चार दिवसांनी नोकरी सोडतेय, आता नियम मोडला तरी चालेल.

तिने पेपर खाली ठेवला. पेनाचं टोपण लावलं. म्हणाली, ‘काम तुझं चांगलं आहे. हात हलका आहे.’

‘मग?’

‘हसरं केलं तर काय होतं?’

‘काही नाही.’

‘तेच. हसरं केलं तर काही होत नाही. रडकं केलं की महिनाअखेरीस तुमच्या ऑफिसातून ती चौकशीची बाई येते. अर्धा तास बसते. मी बोलते ते लिहून घेते. मधे मधे ‘आणखी काही?’ म्हणते. तू अकरा मिनिटं थांबतेस. त्यात सात वेळा घड्याळ बघतेस. मी मोजलंय.’

एका घराला अकरा मिनिटं हा नियमच आहे, चार जागा भरल्या नाहीत तेव्हापासून. तिला तो माहीत नव्हता, मी सांगितला. ती म्हणाली, ‘मग हे मला आधी का नाही सांगितलंस? मला वाटलं तुला माझा कंटाळा आलाय.’ मग जरा वेळाने, ‘तुला शिक्षा होईल असं कुणी लिहिलेलं नाही कार्डावर. लिहायला हवं होतं. सूचना अपुरी आहे.’ आणि कार्डावर पेनाने रेघ मारली.

आजी, मला हसू येईना आणि रडूही येईना. ती चुकली नव्हती, दुष्टही नव्हती. तिने फक्त आमची पद्धत आमच्यापेक्षा बारकाईने वाचली होती. माणूस पाहिजे असेल तर रडकं करा.

मी वीस मिनिटं बसले. पुढच्या दोन घरांना उशीर झाला. त्यांनीही आज रडकंच केलं असेल.

राजीनामा आहे तिथेच आहे. करवतीचा प्रश्न सुटला, पण चार मजले आणि अकरा मिनिटं तशीच आहेत. शनिवारी देणार. तू त्या पायाने कुठेही जाऊ नकोस, मी येतेच आहे.

टिटवी


३० मार्च

टिटवे,

हे पत्र पोचेल तेव्हा तुझं शनिवारी जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल, म्हणून सल्ला देत नाही. होऊन गेल्यावरचा सल्ला सगळ्यात बिनचूक असतो, तो भेटल्यावर देईन.

मी बुधवारी जाऊन आले. रिक्षाने गेले, जिना बसत बसत चढले. त्यांच्याकडेही तुमच्यासारखाच आनंद कोपरा आहे, तेच प्लास्टिकचं झाड. मी एका खुर्चीवर बसले आणि दुसरीवर पाय ठेवला. शिपाई म्हणाला, आजी, वहीत कारण लिहा. मी लिहिलं, ‘पाय.’ आनंद झाला का, त्याच्यापुढे लिहिलं, ‘थांबा जरा.’

मग साहेबांकडे नेलं. तो खुर्चीतून उठला नाही म्हणून मी त्याला खुर्ची म्हणते. खुर्ची म्हणाली, ‘तक्रार असेल तर हा अर्ज भरा.’

‘तक्रार नाही. केलेली मागे घ्यायचीय.’

‘त्याचा अर्ज नसतो.’

‘मग कौतुकाचा द्या.’

त्याने तीन खण उघडून बघितले, खरंच बघितले. म्हणाला, ‘कौतुकाचा अजून छापून आलेला नाही.’

मी म्हटलं, अहो, ती अठरा तोंडं माझ्या पायाची आहेत, तिची नाहीत. तर म्हणतो, ‘आजी, कार्डं वर गेली. गेलेला आकडा खाली येत नाही.’ म्हटलं, कार्डं वर गेली तर जाऊ देत, पाय इथेच आहे. आणि पट्टी सोडली. पाय त्याच्या टेबलावर ठेवला, त्यांचा तो मग असतो ना, तुम्ही आहात म्हणून आम्ही आहोत, त्याच्या शेजारी.

खुर्ची तेव्हा उठली. पहिल्यांदाच. रुमाल नाकाला लावून भिंतीपर्यंत गेली. मी म्हटलं, साहेब, हे रडकं तोंड. नीट बघून घ्या. तिने हे एकोणीस वेळा मांडीवर घेतलं. तुम्हाला एकदा टेबलावर सोसेना. आता सांगा, मार्क कुणाचे कमी आहेत?

आवाज ऐकून रेकॉर्डच्या खोलीतून पट्टीवाली आली. हाताला फायलींची धूळ. तिने हात धुतले, पाय घेतला, तिथेच साहेबांच्या टेबलावर धुतला, बांधला. मला वाटलं आता रडेल, गळ्यात पडेल, मला ते आवडलं नसतं. पण तिने पट्टीची गाठ मारली आणि मला झापलं. ‘एवढा जिना चढून आलात? अक्कल गहाण ठेवलीत का? दोन महिने दवाखाना दवाखाना ओरडतेय मी, तेव्हा पाय दुखत होता, आणि भांडायला बरा चालला?’ अख्खं ऑफिस ऐकत होतं. टिटवे, बाई कामाची आहे. आधी तोंड उघडलं असतं तर एवढं झालंच नसतं.

तिथून तिने मला रिक्षात घालून थेट दवाखान्यात नेलं. बोट गेलंय. आधी साखर खाली आणायची, मग सोळा एप्रिलला बोट काढणार. एकच आहे, नऊ राहतात. रडारड करू नकोस. खुर्ची म्हणाली, ‘तात्पुरतं’ तिला मंगळवारपासून माझ्याकडे पाठवू, बाकीच्या घरांचा विचार करू. विचार कर म्हटलं, तुला वेळच वेळ आहे.

करवत मला आवडली. तिला सांग, घड्याळ मोजणारी म्हातारी इकडेही एक आहे.

आजी


२ एप्रिल

आजी,

बोट गेलंय आणि तू ‘नऊ राहतात’ लिहितेस. आल्यावर बघते तुझ्याकडे.

शनिवारचं ऐक. राजीनामा घेऊन केबिनशी गेले तर दंतमंजन नव्हते. ताणतणाव कसा घालवावा याच्या तीन दिवसांच्या शिबिराला गेले होते, जेवणानंतर येणार होते. मी मागच्या खोलीत जाऊन उभी राहिले. आमच्यातली थोरली तिथे होती. सव्वीस वर्षं झाली तिला इथे. म्हणाली, ‘महिनाभर बघतेय, सारखी पिशवी चाचपतेस. काय आहे त्यात?’

मी कागद दाखवला. तिने वाचला नाही. स्वतःची पिशवी उघडली, आतल्या कप्प्यातून एक पाकीट काढलं. ‘माझाही आहे. चौदा वर्षं झाली.’ घड्यांवर फाटला होता, मागून चिकटपट्टी लावलेली. साहेबांच्या जागी जे नाव होतं ते साहेब वारले सुद्धा.

दारात आणखी दोघी आल्या होत्या. एकीने विचारलं, ‘तुमच्याकडे पण?’ आजी, आम्ही सात जणींनी पिशव्या उपड्या केल्या. पाच राजीनामे निघाले. एकीचा तर दोन प्रतींत. आणि रोज सकाळी साती जणी फळ्यावर हसत होतो, एकमेकींकडे बघून वाटायचं, हिला जमतंय, मलाच जमत नाही.

मग आम्ही आनंद कोपऱ्यात बसलो, खुर्च्या बाजूला सारून, खाली फरशीवर. वहीत कुणी सही केली नाही. एकमेकींचे राजीनामे मोठ्याने वाचले. थोरलीच्यात ‘माझी प्रकृती नाजूक असल्याने’ असं होतं, ती दोन-दोन पाण्याचे कॅन जिन्याने वर नेते. हसून हसून एकीला उचकी लागली.

तेवढ्यात दंतमंजन आले. आम्ही गारठलो. ते मात्र खूश. ‘वा! कोपऱ्याचा उपयोग होतोय!’ आणि फोन काढून फोटो काढला. तो आज अहवालात गेलाय आणि फळ्यावरही लागलाय. पाच जणींच्या हातात राजीनामे, साती तोंडं हसरी. खाली लिहिलंय, ‘समाधान कार्डे वाचताना आनंदी कर्मचारी.’

खाट आम्ही अडगळीतून उचलून परत आणली. प्लास्टिकचं झाड तिच्याखाली मावतं. अकरा मिनिटांबद्दल एक अर्ज लिहिलाय, राजीनाम्यांइतका छान नाही, पण सात सह्या आहेत. मजकूर करवतीने तपासला, नऊ चुका काढल्या. आज तिने आडव्यावर फुली केली. म्हणाली, एकदम हसरं केलं तर संशय येईल.

माझा कागद मी दिला नाही. फाडलाही नाही, पिशवीतच आहे. थोरली म्हणते, असू दे, आधाराला बरा असतो. आठ दिवसांची रजा मात्र मागितली. मिळाली. तेराला, शुक्रवारी येतेय. तू काहीही म्हण.

टिटवी


६ एप्रिल

टिटवे,

रजा घेऊन येतेस तर ये. राजीनामा देऊन आली असतीस तर दार उघडलं असतं, पण बोलले असते.

येताना तो तुटक्या कानाचा मग घेऊन ये, दात ठेवायला होईल.

आज पट्टीवाली आली. दहा चाळीसला. मी घड्याळ दाखवलं. ती म्हणाली, ‘तुमच्याआधीचं घरही परत मिळालंय, तिथल्या आजोबांना उठून बसायलाच अर्धा तास लागतो. आधी विचारलं असतंत तर सांगितलं असतं.’ आता बोलायला शिकलीय, मला पस्तावायची वेळ येणार. चपला तशाच फटाफट वाजतात. केस तसेच.

पाय आज फार ठणकत होता. टाके घातल्यासारखा आतून. तिने बांधला, कार्ड पुढे केलं, खिडकीकडे वळायला लागली. मी म्हटलं, वळू नकोस, इकडे बघ. आणि तिच्यासमोर हसऱ्यावर फुली केली. चांगली मोठी.

तिने कार्ड बघितलं, मग माझ्या पायाकडे बघितलं. म्हणाली, ‘आजी, आज पाय बरा वाटतोय का?’

मी म्हटलं, पायाबद्दल कोण विचारतंय इथे.

आजी